कल्चर अहवालात सगळीकडे ‘आर’: वडिलांच्या शरीराला औषधांची सवय झाली आहे का?

प्रश्न – डिचोलीकर
माझ्या ७२ वर्षांच्या वडिलांची खुब्याची शस्त्रक्रिया एका खासगी इस्पितळात झाली आणि सहाव्या दिवशी त्यांना हुडहुडी भरून ताप आला. लघवीच्या कल्चरचा, म्हणजे जिवाणू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा, अहवाल तीन दिवसांनी मिळाला. त्यात क्लेबसिएला न्यूमोनिए हे जिवाणूचे नाव असून मेरोपेनेम या प्रतिजैविकासकट जवळजवळ सर्व औषधांपुढे ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे औषध लागू पडत नाही) आणि कोलिस्टिन या प्रतिजैविकापुढे ‘आय’ (इंटरमीजिएट, म्हणजे मधला निकाल) लिहिले आहे. ‘त्यांच्या शरीराला औषधांची सवय झाली आहे’, एवढेच सांगून त्यांना वेगळ्या खोलीत हलवण्यात आले. ते सर्दीवरही फार्मसीतून चिठ्ठीशिवाय सेफिक्झिम हे प्रतिजैविक आणत असत, हे खरे आहे. मग दोष त्यांचाच समजायचा का? आणि ते घरी आल्यावर माझ्या चार वर्षांच्या मुलीला त्यांच्याजवळ जाऊ द्यावे का?

उत्तर – सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळा, फोंडा
प्रतिरोध, म्हणजे औषधाला दाद न देण्याची क्षमता, शरीरात निर्माण होत नाही, ती जिवाणूंत असते. हा फरक वडिलांनाही अवश्य सांगा, कारण ‘सवय’ हा शब्द ऐकून रुग्ण स्वतःला दोष देत बसतो. मेरोपेनेमला निकामी करणारी विकरे (एन्झाइम्स) बनवण्याची जनुके बहुधा प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यांवर असतात आणि एक जिवाणू ती शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतो. अशा विकरांपैकी एनडीएम-१ चे वर्णन २००९ मध्ये, भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णाच्या नमुन्यावरून प्रसिद्ध झाले. वारंवार घेतलेल्या सेफिक्झिममुळे आतड्यातील साधे जिवाणू मरतात आणि प्रतिरोधक जिवाणूंना मोकळे रान मिळते, त्यामुळे त्या गोळ्यांचा वाटा असू शकतो. परंतु हा जिवाणू इस्पितळातच लागला असण्याची शक्यताही तितकीच मोठी आहे. कोलिस्टिनपुढील ‘आय’ने घाबरू नका. अमेरिकेतील सीएलएसआय या संस्थेच्या २०२० पासूनच्या निकषांत या औषधासाठी ‘एस’ (ससेप्टिबल, म्हणजे औषध लागू पडते) हा वर्गच ठेवलेला नाही, म्हणून ‘आय’ हाच तेथील अनुकूल निकाल आहे. मात्र हे औषध मूत्रपिंडांना जड जाते, तेव्हा ते सुरू असेल तर मूत्रपिंडांचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन वरचेवर तपासले जाते ना, हे पाहा.

उत्तर – परिचारिका, अतिदक्षता विभाग
कॅथेटर (लघवीसाठी घातलेली नळी) अजून आहे का, हे आधी विचारा. मी पूर्वी जेथे काम करत होते तेथे रात्रपाळीत लघवीच्या पिशव्या एकाच मापाच्या भांड्यात रिकाम्या करत एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाण्याची पद्धत होती, आणि हातमोजेही बहुतेकदा तेच असत. एका पिशवीच्या नळीला लागलेला जिवाणू तासाभरात चार खाटांपर्यंत पोहोचतो, हे मला फार उशिरा उमगले, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून वेगळी खोली ही शिक्षा नाही. ती शेजारच्या रुग्णांसाठी आहे. ‘आज कॅथेटरची गरज आहे का?’ हे रोज सकाळी विनयाने, पण न चुकता विचारा. घरी आल्यावर असे जिवाणू आतड्यात काही महिने राहू शकतात, तरी निरोगी मुलांना सहसा त्रास होत नाही. नातीला आजोबांजवळ जरूर बसू द्या. शौचालयानंतर व जेवणापूर्वी सगळ्यांनी साबणाने हात धुवावेत, आणि आजोबांचा टॉवेल वेगळा ठेवावा.

उत्तर – औषधविक्रेता, म्हापसा
सेफिक्झिम शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत, आहे. १ मार्च २०१४ पासून ते विकताना डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव, औषध आणि प्रमाण वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपणे आम्हाला बंधनकारक आहे. चिठ्ठीशिवाय ते देणारा नियम मोडतो, त्यामुळे दोष एकट्या वडिलांचा नाही. पावसाळ्यात ताप आला की ‘दोनच गोळ्या द्या’ म्हणणारी माणसे रोज येतात. तो ताप विषाणूचा असेल तर या गोळ्यांचा काडीचाही उपयोग नसतो, हे गल्ल्यावर उभे राहून समजावताना ग्राहक दुरावतो, तरीही ते समजावलेच पाहिजे.

डिचोलीकर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज सकाळी कॅथेटरविषयी विचारले. डॉक्टरांनी कागद पाहिले आणि दुपारी तो काढला. क्रिएटिनिनची तपासणी उद्या पुन्हा होणार आहे.