विषय: १ जूनच्या आत ईव्ही२-ए या विजेच्या प्लॅनवर जावं का? (सांगलीतून विचारतोय)

विश्रामबागवाला:

मंडळी, नमस्कार.

घाईत लिहितोय. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, जूनअखेरपर्यंत मी इथेच. तिकडे कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला चिरंजीवांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली. मला फोटो आला तेव्हा ती दारात उभी होती.

आमचं सोलर २०१९ चं, एनईएम २ (ग्रिडला दिलेलं युनिट जवळजवळ पुऱ्या भावानं जमा करणारी जुनी योजना), वीज पीजीअँडई कंपनीची, प्लॅन ई-टीओयू-सी (वेळेनुसार दर). आजवर वर्षाचा हिशेब जेमतेम फिटायचा, आता फिटायचा नाही. मंडळाच्या मागच्या पॉटलकला खजिनदार म्हणाले होते की सोलरवाल्यांनी ईव्ही२-ए ला, म्हणजे इलेक्ट्रिक गाडीवाल्यांच्या प्लॅनला, हात लावू नये. का, ते मी जिलेबीच्या रांगेत असल्यानं नीट ऐकलं नाही. समरचे दर १ जूनला लागतात, म्हणून त्याआधी ठरवायचंय. आणि प्लॅन बदलला तर एनईएम २ जातं का?

तिथले दुपारचे चार ते रात्रीचे नऊ, म्हणजे पीकचे महाग तास, हे माझे पहाटे साडेचार ते सकाळचे साडेनऊ. सहाला उठून चहा टाकतो, ॲप उघडतो, तर गाडी चार्जिंगला. रोज. पोरगं साडेपाचला ऑफिसातून येतं आणि प्लग लावून मोकळं होतं.

खजिनदार:

हात लावू नये असं म्हटलं नव्हतं, हिशेब करून लावा म्हटलं होतं. असो.

प्लॅन बदलल्यानं एनईएम २ जात नाही. पीटीओ (सोलर चालू करायची परवानगी) मिळाल्याच्या तारखेपासून वीस वर्षं ते तुमचं. गाडी आली म्हणून पॅनेल वाढवायला गेलात तर मात्र जपून. १० टक्के किंवा १ किलोवॅट, यातलं जे जास्त असेल तेवढीच वाढ चालते. त्यापुढे गेलात की एप्रिल २०२३ नंतरच्या लोकांच्या पंगतीत, म्हणजे नेट बिलिंग या नव्या, कमी भावाच्या योजनेत. तिथे ग्रिडला दिलेल्या युनिटला काय मिळतं ते आपल्या इथल्या डब्लिन गावच्या मंडळींना विचारा.

आता ईव्ही२-ए. त्यात रात्री बारा ते दुपारी तीन सगळं ऑफ-पीक, म्हणजे सगळ्यात स्वस्त, शनिवार-रविवारीसुद्धा. म्हणजे भर दुपारी तुमच्या छतावरून जाणारं युनिट सगळ्यात पडेल भावानं जमा होणार. टीओयू-सी मध्ये पीक आणि ऑफ-पीकमधला फरक थोडा, त्यामुळे दुपारच्या युनिटला बरा भाव मिळतो, वर बेसलाइनची (ठरावीक युनिटांपर्यंतच्या वापरावरची) सूट. ती ईव्ही२-ए ला नाही. सोलर मोठं आणि वापर लहान असेल तर बदलण्यात तोटा आहे. म्हणून म्हटलं होतं.

मिरजेची ताई:

दादा, जमा पडेल भावानं होतं तसं गाडीत भरतानाही पडेल भावानंच मिळतं ना! दुपारी एकला दिलेलं युनिट रात्री एकला परत घ्या. मधले दोन-तीन सेंट नॉन-बायपासेबलचे (सोलरवाल्यांनाही न चुकणाऱ्या आकारांचे) जातात, ते सगळ्याच प्लॅनवर जातात. रडायचं कशाला?

खरी गंमत चार ते नऊमध्ये आहे. आमची पॅनेलं पश्चिमेला. लावणाऱ्यानं दक्षिण मिळत नाही म्हणून तोंड वाकडं केलं होतं आणि आम्हाला दोन पॅनेलं जास्तीची विकली, ते वेगळं. पण उन्हाळ्यातल्या घड्याळात तिथला मध्यान्हच एक वाजून गेल्यावर होतो. संध्याकाळी पाचलासुद्धा आमच्या छतावर कडक ऊन. ते युनिट पीकच्या भावानं जातं, आणि उन्हाळ्यात पीकचा भाव ऑफ-पीकच्या दुपटीच्या आसपास. एक दिलं की रात्री जवळजवळ दोन घ्या. आम्ही तीन वर्षं ईव्ही२-ए वर आहोत, सुखात आहोत.

विश्रामबागवाले दादा, तुमचं छत कुठल्या दिशेला? आणि काकूंचा गुडघा कसा आहे? जिना चढू देऊ नका अजून.

खजिनदार:

ताई, तुमच्या घरी दोनच माणसं, आणि दोघंही आठला परत येणारी. त्यांच्या घरी उन्हाळ्यात सासूसासरे असतात, एसी चारलाच सुरू होतो. सगळ्यांना एकच माप लावू नका. मंडळात सोलरचं मी २०१७ पासून बघतोय, लोकांची बिलं डोळ्यांखालून गेली आहेत.

मधला मार्ग म्हणून ई-इलेक हा प्लॅन आहे. वेळा त्याच, पण पीकचा चिमटा जरा कमी. गाडी असल्यामुळे ते त्यांना मिळू शकतं. महिन्याचे १५ डॉलर ठरावीक द्यावे लागतात एवढंच.

वाईचे काका:

मी सध्या वाईत, दिवाळीनंतर येईन.

तुमच्या त्या ए-बी-सी वाचून डोकं दुखलं. इथे बरं आहे. महावितरणचे टप्पे: १०० पर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे. ते चुकत नाहीत आणि निवडावेही लागत नाहीत. मागच्या वर्षी सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅट बसवलं, ७८ हजार अनुदान खात्यात आलं. टीओडी (वेळेनुसार दर लावणाऱ्या) मीटरवाल्यांना २०२५ च्या जुलैपासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मध्ये युनिटमागे ८० पैशांची सूटही लागली, म्हणून हिनं गिरणी आता दुपारी फिरवायला सुरुवात केली आहे.

त्रास एकच, माकडं. पॅनेलवर बसून आमच्याच पेरूच्या झाडाचे पेरू खातात आणि साली तिथेच टाकतात. यावर कुणाकडे उपाय आहे का? इन्व्हर्टर मी जिन्याखाली, तळमजल्यावर ठेवलाय, तो तेवढा वाचला.

मिरजेची ताई:

काका, तळमजल्यावर?? वाईतसुद्धा कृष्णाच आहे हो!

२०१९ ला माझ्या मावशीचं घर, सांगलीत गावभागात. आयर्विन पुलाला इशारा ४० फुटांवर, धोका ४५ वर, आणि पाणी ५७ फुटांवर गेलं. मावशीनं डाळी-तांदूळ वर नेले, देव वर नेले, कपाटातली भांडी नेली. इन्व्हर्टरची बॅटरी कुणाच्या लक्षातच आली नाही. पाणी उतरल्यावर ती चिखलासकट उचलायला चार माणसं लागली. आता तिच्याकडे सगळं वरच्या माडीवर आहे आणि खाली फक्त चपला. तुम्ही घाटापासून किती लांब आहात?

वाईचे काका:

चांगला चढ आहे. पण हिनं तुमचा मेल वाचला, आणि आता इन्व्हर्टर वर न्यायचा म्हणते. आभारी आहे.

कराडकडचा:

मूळ प्रश्नावर कुणी येणार आहे का?

खजिनदार, ई-इलेकचे १५ डॉलर जुनी गोष्ट झाली. मार्च २०२६ पासून बेस सर्व्हिसेस चार्ज सगळ्यांनाच आहे, महिन्याला २४.१५ डॉलर, कुठलाही प्लॅन घ्या. कमी उत्पन्नवाल्यांना कमी. त्याच्या बदल्यात युनिटचे दर थोडे उतरवले. म्हणजे ठरावीक आकार बघून प्लॅन निवडायचं कारणच उरलं नाही, आता फक्त वेळा बघायच्या.

विश्रामबागवाले, पीजीअँडईच्या साइटवर ग्रीन बटण आहे. त्यातून तासातासाचा वापर उतरवून घ्या. दोन बेरजा करा: जून ते सप्टेंबर, चार ते नऊमध्ये ग्रिडकडून घेतलं किती आणि दिलं किती. दिलेलं जास्त असेल तर ईव्ही२-ए, डोळे मिटून. घेतलेलं बरंच जास्त असेल तर ई-इलेक बघा. छताची दिशा, सासूसासरे, जिलेबी, सगळं त्या दोन आकड्यांत येतं.

दुसरं, मोठा चार्जर बसवायच्या भानगडीत पडू नका. तुमचं घर मागे बघितलंय, विजेचं मुख्य पॅनल १०० अँपचं आहे, इलेक्ट्रिशियन येऊन ते बदलायला सांगेल आणि तिथेच गाडीचा हप्ता निघेल. पोरगं रोज किती चालवतं? ४० मैल धरा. साधारण १२ युनिटं. साध्या १२० व्होल्टच्या प्लगवर १२ अँप, म्हणजे तासाला १.४. बारा ते सकाळी सात, दहाच्या आत युनिटं. रोज दोन-तीन कमी पडतील, ती शनिवारी भरायची. शनिवारी बारा ते तीन म्हणजे सलग पंधरा तास आहेत.

घराला बॅटरी घ्या असंही कुणीतरी म्हणेल, म्हणून आधीच सांगतो. आमचे वडील कोयनेला नोकरीला होते. तिथेही हाच खेळ: पाणी धरून ठेवायचं आणि संध्याकाळी राज्याची मागणी चढली की टर्बाइन फिरवायचं. बॅटरी म्हणजे गॅरेजमधली कोयना. पण एनईएम २ वाल्यांचा शिवसागर जलाशय म्हणजे ग्रिडच, आणि तो जवळजवळ फुकट आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारची ३० टक्के करसवलतही ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. आपलं धरण आपण कशाला बांधायचं?

खजिनदार:

२४.१५ चं बरोबर आहे, माझ्या तक्त्यात जुना आकडा राहिला होता. तक्ता दुरुस्त केलाय. ज्यांना पाठवला होता त्यांनी जुना पुसावा.

मात्र "डोळे मिटून" हे मला पटत नाही. हिवाळ्यात पाचच्या आत अंधार पडतो. चार ते नऊमध्ये सगळं घेणंच घेणं, देणं शून्य. वर्षाचा हिशेब आहे, चार महिन्यांचा नाही.

कराडकडचा:

हिवाळ्यात पीक आणि ऑफ-पीकमधली दरी कमी असते. तरी बरं, बारा महिन्यांची बेरीज करा. फाइल तीच आहे.

लिस्ट सांभाळणारा:

मंडळी, गणपतीच्या हॉलचं बुकिंग या आठवड्यात करायचंय आणि त्या मेलला दोन उत्तरं आली आहेत. विजेच्या मेलला अकरा. माकडांचा विषय कृपया वेगळ्या धाग्यात घ्यावा.

विश्रामबागवाला:

फाइल पोरानं काढून पाठवली, बेरजा मी इथे केल्या. रात्री दोनदा लाइट गेली, तरी केल्या.

गेल्या जुलैत चार ते नऊमध्ये दिलेली युनिटं १४०, घेतलेली ११०. छत नैऋत्येला आहे, ताई. खजिनदारांचं एसीचं खरं निघालं, घेतलेल्यातली बहुतेक सातनंतरची आहेत. पण त्यात एसीइतकाच हात कपड्यांच्या ड्रायरचा दिसतो. तो संध्याकाळी लावायची सवय आमचीच. तो सकाळवर ढकलला तर घेणं आणखी उतरेल. डिसेंबरात दिलेली ४, घेतलेली १६०. वर्षाची बेरीज तिन्ही प्लॅनवर मांडली. गाडी नसती तर टीओयू-सी आणि ईव्ही२-ए उन्नीस-बीस, म्हणजे खजिनदार चुकीचं सांगत नव्हते. गाडीची युनिटं रात्री बारानंतर घातली की ईव्ही२-ए सरळ पुढे जातो. तीच युनिटं संध्याकाळी साडेपाचला घातली, म्हणजे पोरगं आत्ता करतंय तशी, तर ईव्ही२-ए तिन्हींत सगळ्यात महाग.

प्लॅन बदलायचा अर्ज टाकला, पुढच्या बिलापासून लागेल. गाडीच्या ॲपमध्ये मी इथूनच वेळ लावून टाकली: रात्री बारा. आई आज काठी न घेता देवघरापर्यंत गेली.

विश्रामबागवाला (तीन दिवसांनी):

गाडी चार्ज होत नाहीये. पोरगं ऑफिसच्या पार्किंगमधून फोन करून ओरडत होतं. १८ टक्के. ॲपमध्ये बारा दिसतायत. हे काय आहे?

कराडकडचा:

फोन सांगलीच्या घड्याळावर आहे ना? तुमच्या रात्रीचे बारा म्हणजे तिथले सकाळचे साडेअकरा. तेव्हा गाडी ऑफिसात उभी असते, प्लग घरी असतो. दुपारचे साडेबारा लावा.

वाईचे काका:

म्हणजे तुम्ही जेवायला बसलात की तिकडे गाडीही बसेल.

फ्रीमॉन्टचा मुलगा (बाबांच्या पत्त्यावरून):

काका, काकू, नमस्कार. बाबांच्या फोनमधून ॲप काढायला लावलं आहे. वेळ आता गाडीतच लावली, रात्री बारा, इथले. आज सकाळी ७६ टक्के होते. ड्रायरचं आईला तुम्हीच कुणीतरी सांगा.

बाबा, येताना भडंग दोन किलो आणा, एक किलो कराडच्या काकांना द्यायचं कबूल केलं आहे.