अनुभव धागा: वर्गातली शिस्त, बक्षीस आणि शिक्षा

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 ला लागू झाला आणि त्यातल्या कलम 17 ने मारझोड आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आली. अंगठे धरणं, कोंबडा होणं कागदावर तरी संपलं, ते बरंच झालं. पण दुपारच्या खिचडीनंतर पेंगणारा नि चेकाळणारा वर्ग आवरायचा कसा? शिक्षक, पालक, मार खाऊन मोठे झालेले, सगळ्यांनी लिहा. उपदेश नको, घडलेलं सांगा.

द्विशिक्षकी जि. प. शाळेतून:
आमची घंटा म्हणजे आंब्याला टांगलेला रुळाचा तुकडा. ज्याची वही पूर्ण, तो आठवडाभर घंटा वाजवणार, असा नियम केला. पेन-पेन्सिली वाटून जे जमलं नव्हतं ते या रुळाने केलं. वर्गातला सगळ्यात दांडगा पोरगा वही घेऊन मागे मागे फिरायला लागला, "सर, तपासा ना!" त्याच्या आठवड्यात मधली सुट्टी जरा लवकर होते, तिकडे मी काणाडोळा करतो. परिपाठात बातम्या वाचणं, खिचडी वाढायला मदत करणं हीही आमच्याकडे मानाची कामं. पथ्य एकच: मानाचं काम शिक्षा म्हणून द्यायचं नाही. "गडबड केलीस, चल वर्ग झाड" म्हटलं की झाडू हातात घ्यायला पुन्हा कोणी पुढे येत नाही.

मोठ्या गटातल्या मुलाची आई:
बाईंनी मनगटावर पेनाने स्टार काढला की आमच्याकडे त्या दिवशी आंघोळीला नकार. केलीच तर एक हात वर धरून. पुढे बाई सगळ्यांनाच स्टार काढायला लागल्या. आता दोन्ही हात भिजतात.

सातवी क, फार वर्षांपूर्वी:
फळ्याच्या कोपऱ्यात 'बोलणाऱ्यांची नावे'. नाव पुसायचा मॉनिटरचा दर मूठभर बोरं, नावापुढे फुल्या पडल्या असतील तर चिंचाही. बाईंना वर्ग शांत दिसायचा.

आठवीची वर्गशिक्षिका:
माझा राग दोन शिक्षांवर आहे. पहिली, खेळाचा तास काढून घेणं. ज्या पोराला पळायची सर्वांत जास्त गरज, त्यालाच बाकावर डांबायचं आणि पुढच्या तासाला तो चुळबुळ करतो म्हणून पुन्हा ओरडायचं. दुसरी, डायरीतला शेरा. काही घरांत तो शेरा वाचून बाप पट्टा काढतो. हात आपण लावला नाही, एवढंच. म्हणून मी चांगले शेरेही पाठवते आणि ते नेमके लिहिते. 'शहाणा मुलगा' वगैरे नाही. एकाच्या डायरीत लिहिलं, 'आज प्रयोगाचं सामान न सांगता धुऊन जागेवर ठेवलं.' संध्याकाळी वडिलांचा फोन, आवाज घाबरलेला: "मॅडम, फोडलं का काही त्याने?" दोनदा वाचून दाखवलं तेव्हा पटलं. गैरवर्तनाबद्दल मी तास संपल्यावर, एकट्याशी, दारापाशी बोलते. वर्गासमोर बोललं की पोरगं माझ्याशी नाही, मागच्या बाकाशी बोलतं. आणि एकाने शिट्टी मारली म्हणून सगळा वर्ग उभा करणाऱ्यांनी शिट्टीवाल्याचा भाव किती वधारतो ते एकदा बघावं.

विशेष शिक्षिका:
ऑटिझम असलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याच्या पाटीवर टिकल्या लावतो. एक काम झालं की लगेच एक टिकली, पाच झाल्या की झोका. शनिवारी मिळणारं बक्षीस त्याच्या लेखी नसल्यात जमा. मिळवलेली टिकली मात्र काढून घ्यायची नाही. चिडला तर पुढची थांबते. मदतनीस ताईंनी एकदा काढली, त्याने पाटीच भिरकावली. मी त्याच्या बाजूने.

न्यू जर्सीतली रविवारची मराठी शाळा:
इथल्या मुलांना रोजच्या शाळेत पॉइंटची सवय. धडा वाचायला सांगितला की पहिला प्रश्न, "याचे किती?" लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा 1973 चा प्रयोग बीएडला वाचला होता: चित्रं आवडीने काढणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधीच प्रमाणपत्र कबूल केलं, तर पुढे ती आपणहून कमी चित्रं काढू लागली. न सांगता दिलेल्या प्रमाणपत्राने तसं झालं नाही. मी पॉइंट बंद केले. आता वाचन आटोपलं की जिममध्ये लगोरी, सगळ्यांना. आरडाओरडा मात्र मराठीतच करायचा.

बीड जिल्ह्यातून:
शंभर टक्के हजेरीचा बिल्ला आमच्याकडे अन्याय आहे. दिवाळीच्या सुमारास कितीतरी मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. दुर्बल घटकांतल्या मुलींसाठी 1992 मध्ये हजेरीच्या दिवसाला 1 रुपया भत्ता सुरू झाला, पण फडात गेलेल्या मुलीला तोही नाही. बिल्ले बंद केले. परतलेल्या मुलांना परिपाठात तिकडचं सांगायला लावतो. बैलगाडीत मोळ्या कशा रचतात, हे पाचवीतल्या एका मुलीने खडूचे तुकडे मांडून दाखवलं. परिपाठ लांबला, गणिताचा तास उशिरा सुरू झाला.