मदत हवी आहे: सपोर्ट सेंटरची मेल आली आहे, जावंच लागतं का?

घाईत:
पटकन सांगा कुणीतरी. आज विद्यापीठाकडून मेल आली की 'अकॅडेमिक सपोर्ट सेंटर'ला भेट द्या. जावंच लागतं का? नाही गेलं तर काय होतं? कुठे नोंद राहते का? शुक्रवारच्या आत ठरवायचं आहे. कृपया लेक्चर नको, ती दिवसाला चार असतात.

शाईचा डाग:
विषय कुठला? वर्ष कितवं? मेल शिक्षकांची की ऑफिसची? आणि शुक्रवारी काय आहे?

घाईत:
पहिलं वर्ष. खाली कुणाचं नाव नाही, आपोआप गेलेली वाटते. विषयाचा काय संबंध?

मागचा बाक:
अरे, अजिबात जाऊ नकोस. मी तीन वर्षांत एकदाही त्या दारात पाऊल ठेवलं नाही. तिथे कच्ची मुलं जातात. एकदा 'हा कच्चा' असा शिक्का बसला की बसला.

उभी रेघ:
नोट्स काढायची कॉर्नेल पद्धत. पानावर डावीकडे एक उभी रेघ मार. तासाला जे लिहायचं ते उजवीकडे, घरी येऊन डाव्या पट्टीत त्यावरचे प्रश्न, तळाला चार ओळींत सार. कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी १९५० च्या दशकात ही पद्धत बसवली. मी दुसऱ्या सत्रापासून दुसरं काही करत नाही.

शाईचा डाग:
नोट्सबद्दल कुणी विचारलंय का?

उभी रेघ:
नोट्स नीट असत्या तर मेल आलीच नसती.

वेळेआधी:
मेलला उत्तर देताना विषयाच्या ओळीत हजेरी क्रमांक आणि कोर्सचा कोड लिहायला विसरू नका. निम्म्या मेल त्यामुळेच पडून राहतात.

जुनी ट्यूटर:
मी अशाच एका केंद्रात दोन वर्षं शिकवते आहे, म्हणून थोडं सविस्तर.

अशा मेल बऱ्याचदा यंत्रणाच पाठवते. चाचणीचे गुण ठरावीक रेषेच्या खाली गेले, हजेरी घसरली, असाइनमेंट आली नाही, यातलं काहीही कारण असू शकतं. बहुतेक ठिकाणी ती सूचना असते, नोटीस नव्हे. ट्यूटरकडे गेल्याचं गुणपत्रकावर उमटत नाही. तरी मेलमध्ये 'अनिवार्य' असा शब्द आहे का, ते नीट बघ.

@मागचा बाक, 'कच्ची मुलं' हे जरा जपून. १९७३ मध्ये अमेरिकेत, कॅन्सस सिटीच्या मिसुरी विद्यापीठात डिअ‍ॅना मार्टिन यांनी 'सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन' सुरू केलं ते नेमकं या शिक्क्याला बगल द्यायला. त्यांनी कच्चा विद्यार्थी शोधायचा सोडून अवघड कोर्स शोधला. ज्या कोर्समध्ये साधारण ३० टक्के किंवा त्याहून जास्त मुलं नापास होतात, काठावर सुटतात किंवा मध्येच सोडतात, तो अवघड. त्याला जोडून सगळ्यांसाठी खुला वर्ग. तो वर्ग घेतो आधी हाच कोर्स चांगला केलेला विद्यार्थी, आणि तो पुन्हा सगळ्या तासांना बसतो. हुशार मुलंही येतात. माझ्याकडे जास्त तीच येतात, खरं सांगायचं तर.

मागचा बाक:
१९७३ आणि कॅन्ससचं इथे काय? मी माझा अनुभव सांगितला.

घाईत:
अरे नाही, अगं. आणि विषय संख्याशास्त्र. ४० पैकी ११ पडले. प्रकरण पाच वेळा वाचलंय, सोडवलेली उदाहरणं तोंडपाठ आहेत, पेपर हातात आला की सगळं कोरं. शुक्रवारी विषय सोडायची शेवटची तारीख आहे. हे लिहिलं होतं ना?

शाईचा डाग:
नाही लिहिलं. म्हणजे खरा प्रश्न 'विषय सोडू का' हा आहे. तो पहिल्या ओळीत हवा होता, बाई.

जुनी ट्यूटर:
मग दोन दारं वाजव, एक नाही. विषय सोडायचा की नाही हे ट्यूटर सांगू शकत नाही. ते अ‍ॅकॅडेमिक अ‍ॅडव्हायझरचं काम. त्यांना विचारायचं: सोडला तर गुणपत्रकावर काय दिसेल, सत्राची किती क्रेडिट उरतील, शिष्यवृत्तीला किमान क्रेडिटची अट आहे का, आणि पुढच्या कुठल्या विषयाला हा आधी लागतो. चौथा प्रश्न मुलं हमखास विसरतात आणि वर्षभराने रडतात.

ट्यूटरकडे जाताना उत्तरपत्रिका ने. "मला काहीच कळत नाही" म्हणालीस तर तासभर पहिल्या प्रकरणातच जाईल.

आणि पाच वेळा वाचण्याबद्दल. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा एक प्रयोग आहे. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने, न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. वाचताना 'येतंय' असं वाटतं, तिथेच फसगत होते.

कागदवाला:
लॅपटॉपवर नोट्स घेतेस का? मुलर आणि ओपनहायमर यांचा २०१४ चा प्रयोग बघ. हाताने लिहिणाऱ्यांना संकल्पनांचे प्रश्न जास्त चांगले आले होते. लॅपटॉप बंद कर, अर्धं काम झालं.

की-बोर्ड:
२०१९ मध्ये तो प्रयोग पुन्हा केला गेला तेव्हा फरक तितका स्पष्ट दिसला नाही. अर्धी गोष्ट सांगू नका. माझं अक्षर मलाच लागत नाही, मी काय करायचं?

कागदवाला:
अक्षर सुधारायचं.

की-बोर्ड:
पहिल्या वर्षाला?

मागचा बाक:
एवढं कशाला? चॅटबॉटला उत्तर विचार.

घाईत:
तो उत्तर देतो. मला ते पटतंही. मग पेपरात परत कोरं.

घाईत:
अपडेट. आज सेंटरला जाऊन आले. ट्यूटर माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी पुढे आहे. तिने पेन हातातच घेतलं नाही, म्हणाली तू सोडव आणि मोठ्याने बोल. आधी राग आला. दहा मिनिटांत कळलं की आकडेमोड माझी बरोबर आहे, संख्याशास्त्रातली चाचणीच (म्हणजे कुठलं सूत्र लावायचं ते) चुकीची निवडते. त्याच माणसांची आधीची आणि नंतरची मोजमापं दिली होती, ती मी दोन वेगळे गट धरून सोडवली. म्हणजे जोडीची टी-चाचणी (सरासऱ्यांतला फरक तपासणारी) हवी तिथे स्वतंत्र गटांची लावली. पुस्तकात प्रकरणाच्या शेवटची उदाहरणं त्याच प्रकरणाची असतात, त्यामुळे कुठलं सूत्र लावायचं हे ठरवायची वेळच कधी आली नव्हती. आता तिने चार प्रकरणांतली उदाहरणं शीर्षकं काढून, क्रम मोडून दिलीत. सोडवायची नाहीत, फक्त चाचणी ओळखायची. वीसपैकी नऊ बरोबर आली.

अ‍ॅडव्हायझरची वेळ गुरुवारची मिळाली. संकेतस्थळावर बघितलं, पुढच्या वर्षीच्या दोन विषयांना हा आधी लागतो, त्यामुळे बहुतेक सोडत नाही. मेलमध्ये 'अनिवार्य' नव्हतं.

उभी रेघ:
डाव्या पट्टीत हेच लिहायचं असतं. 'हे सूत्र केव्हा लावायचं?' सूत्र उजवीकडे.

घाईत:
बरं. मारते रेघ.

की-बोर्ड:
रेघ लॅपटॉपवरही मारता येते.