थर्मामीटर फुटला, पोराच्या वाढीवर फरक पडते का?

राजेहो, आम्ही भद्रावतीकडचे. पोरगा 13 चा, अजून मिसरूड नाही न् आवाजही फुटला नाही. उन्हाळ्यात जुना थर्मामीटर फुटला तं पाऱ्याच्या गोळ्या तळहातावर घेऊन खेळत बसला होता, आता शेजारचे म्हणतेत पाऱ्यानं टेस्टोस्टेरॉन (पोराले वयात आणणारं हार्मोन) कमी होते, खरं हाय का?

उत्तर 1: भाऊ, उंदरांवरच्या प्रयोगात तसं दिसलं हाय, पण लेकरांचे अभ्यास एकसारखं सांगत नाहीत, न् त्या अभ्यासात एकदाच रक्त काढलं तं कारण कोणतं परिणाम कोणता हे कळतही नाही. 13 ले मिसरूड नसणं काही नवल नाही बाप्पा. 14 पर्यंत वयात यायची खूणच नसली तं दाखवा डॉक्टरले.

उत्तर 2: कातडीतून पारा लय कमी जाते, भेव वाफेचं. पुढं कधी फुटला तं झाडू फिरवू नका, गोळ्या बारीक होऊन फटीत बसतात. खिडक्या उघडा, जाड कागदानं गोळा करून झाकणाच्या बरणीत ठेवा.

उत्तर 3: थर्मामीटर सोडा, वैदूची काळी पुडी चालू हाय का घरी? तिच्यात कज्जली असू शकते, न् कज्जली म्हंजे पारा न् गंधकच.

प्रश्नकर्ता: मायं! आजी देते ना त्याले मधात, ताकदीची म्हणून. उद्या पुडी घेऊनच जातो डॉक्टरकडे.