फो कुठे आणि कसं मागायचं? तातडीने मदत हवी

निळी छत्री
परवा संध्याकाळी विमान आहे, त्यामुळे पटकन सांगा प्लीज. हॉटेलच्या बुफेतला फो (इथलं व्हिएतनामी शेवयांचं सूप) नकोय, फूटपाथवर बुटक्या प्लास्टिक स्टुलांवर बसून लोक खातात तो हवाय. काल एका दुकानात शिरलो. पाटी कळेना, मालकीणबाईंना इंग्रजी येईना, मागे लोक खोळंबलेले. शेवटी आईच म्हणाली, चल बाबा. आज दुसरीकडे तेच. आईला चालेल असं काय मागू?

सांगलीकर
कुठे आहात, हनोई की सायगाव? आणि आईंना काय चालत नाही? पूर्ण शाकाहारी की फक्त बीफ नको?

बॅगभरू
ई-व्हिसा आधी काढा. ऑगस्ट 2023 पासून 90 दिवसांपर्यंतचा मिळतो, एकदाच जायचं असेल तर 25 डॉलर.

निळी छत्री
अहो, येऊन चार दिवस झाले! व्हिसाचं नाही विचारलं.

रानमेवा
फो सोडा, बुन बो ह्वे खा. गवती चहा, लाल तिखट तर्री, फोपेक्षा कितीतरी झणझणीत.

सांगलीकर
@रानमेवा, त्यात बीफ असतं, वर डुकराचे पाय. आईंना काय चालतं ते कळू तरी द्या.

खवय्या
शाकाहारी असतील तर पाटीवर सी-एच-ए-वाय शोधा. चहाशी संबंध नाही, तिकडे 'चाय' म्हणजे शाकाहार. चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला बरेच बौद्ध तेच खातात, त्या दिवशी तिथे गर्दी असते.

निळी छत्री
हनोई, होआन कीएम तळ्याजवळ. आई चिकन, मासे खाते. बीफ, पोर्क नाही. मी सगळं खातो. हे आधीच लिहायला हवं होतं.

सांगलीकर
मग सोपं आहे. कामानिमित्त दोन वर्षं हनोईत काढलीत, जवळपास रोजची न्याहारी हीच. दोन शब्द ओळखा: 'गा' म्हणजे कोंबडी, 'बो' म्हणजे गाय-बैल. पाटीवर जी-ए आणि बी-ओ असे दिसतील, दोन्हींच्या स्वरावर डावीकडून उतरणारी काडी. जिथे फक्त 'फो गा' लिहिलंय तिथेच जा. दोन्ही विकणाऱ्या दुकानात एकच रस्सा वापरलेला असू शकतो. कोंबडीच्या रश्श्यातही काही जण डुकराची हाडं घालतात, म्हणून 'डुकराची हाडं आहेत का?' हे भाषांतराच्या ॲपवर लिहून दाखवा. फिश सॉस असणारच, पण आई मासे खातात म्हणजे अडचण नाही.

काचेच्या कपाटात पिवळसर उकडलेल्या कोंबड्या टांगलेल्या दिसल्या की दुकान बरोबर. 'हाय बात फो गा' म्हणा, दोन वाट्या येतील. सकाळी सातच्या आत जा, चांगल्या ठिकाणी रस्सा संपतो.

खवय्या
आणि टेबलावर तुळस, मोड, होइसिन (घट्ट गोडसर सॉस) येईल, ते भरपूर घाला.

सांगलीकर
अहो, तो दक्षिणेतल्या सायगावचा थाट. 1954 मध्ये व्हिएतनामची फाळणी झाल्यावर उत्तरेतून दक्षिणेत गेलेल्या लोकांबरोबर फो तिकडे रुजला आणि तिथे गोडसर झाला. हनोईत लसूण घातलेलं व्हिनेगर, लिंबू, मिरची, बस. सोबत 'क्वाय' मागवा, तळलेल्या पिठाच्या काड्या, त्या रश्श्यात बुडवायच्या. होइसिन ओतलं की दालचिनी, चक्रीफूल, भाजलेलं आलं सगळं झाकलं जातं.

खवय्या
तुमची आवड झाली ही. मला गोडसरच आवडतो.

कोकणकडा
पैसे देताना नोटा नीट बघा. 20 हजार आणि 5 लाख डोंग दोन्ही निळ्या. मी घाईत गोंधळ केला होता.

निळी छत्री
जाऊन आलो! साडेसहाला पोचलो. काचेत कोंबड्या टांगलेल्या होत्या. ॲपवर प्रश्न दाखवला, मावशींनी मान हलवून नाही म्हटलं आणि कोंबडीकडे बोट दाखवलं. जाळीच्या पळीत शेवया उकळत्या पाण्यात बुडवून झटकल्या, वर कोंबडीचे तुकडे, कांद्याची पांढरी पात आणि लिंबाच्या पानाच्या केसाइतक्या बारीक कातरलेल्या रेघा. आईने आधी नुसता वास घेतला, मग वाटी उचलून तोंडाला लावली. तळाशी एक शेवई उरली होती, ती माझ्या चमच्यात टाकली. फक्त हात पुसायच्या ओल्या रुमालाचे वेगळे पैसे लावले, हे कळलं नाही.

सांगलीकर
तो रुमाल उघडला की बिलात येतो. नको असेल तर बाजूला सरकवा. उद्या सकाळी परत जा, आणि एक वाटी आईंना एकटीला मागू द्या.