हॉलला पिस्ता की बदामी? अनुभव सांगा

ठाणेकर_पूर्वा
पुट्टी झाली, प्रायमरचा हात झाला, आता गाडी रंगावर अडलीय. आई म्हणते पिस्ता, नवरा म्हणतो बदामी. हॉलला एकच खिडकी, तीही उत्तरेला. 'छान दिसेल' नको, तुमच्या भिंतीवर कसा दिसला ते लिहा.

वऱ्हाडी_ठेचा
उत्तरेचा उजेड मुळात निळसर. आमच्या हॉलमध्ये पिस्ता थेट सरकारी दवाखान्यासारखा दिसला. तोच डबा पश्चिमेच्या बेडरूममध्ये वापरला, तर संध्याकाळी काय खुलतो!

रंगात_रंगलो
शेडकार्डावरच्या बोटभर चौकोनावर जाऊ नका. दोन्हींच्या छोट्या सॅम्पल डब्या आणा, मोठ्या ड्रॉइंग पेपरवर दोन-दोन हात मारा आणि कडेला पांढरी पट्टी सोडा. जुन्या रंगाला टेकून बघितलं की डोळा फसतो. पूर्ण वाळू द्या, कारण इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं आणि वाळलं की गडद होतं. मग कागद सगळ्या भिंतींवर फिरवा. खिडकी ज्या भिंतीत आहे तिच्यावर थेट उजेड पडतच नाही, त्यामुळे रंग तिथेच सर्वात काळवंडतो. माझ्या मते निवड तिथेच करावी. रंगारी घाई करेलच, करू दे.

दापोलीची_सून
ओल असेल तर आधी ती बंद करा, नाहीतर दोन्ही रंगांचे पोपडेच निघणार. आमच्या सासूबाईंच्या वेळी चुन्यात चिमूटभर नीळ टाकली की विषय संपला. भांडणं तरी नव्हती!

म्युनिकचा_मन्या
इथे भाड्याचं घर सोडताना भिंती साध्या फिक्या रंगात परत द्याव्या लागतात, म्हणून आमची निवड पांढरा की मोतिया एवढीच. पण दिव्यांनी केवढा फरक पडतो! 2700 केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली मोतिया ऊबदार वाटतो. पुण्याला आईकडे 6500 ची पांढरी ट्यूब आहे, तिच्याखाली तसाच रंग राखी वाटला. पूर्वाताई, रात्री हॉलमध्ये कोणता दिवा असतो?

ठाणेकर_पूर्वा
पांढरी ट्यूबच! कागद लावून बघितले. दुपारी बदामी सरस, पिस्ता खरंच दवाखाना. ट्यूब लावली की मात्र बदामी मळका. आईला तेवढंच पुरलं. नवरा आता रंग सोडून ट्यूबच बदलायला निघालाय.
वऱ्हाडी दादा, आमची बेडरूम पश्चिमेलाच आहे. तुमच्या पिस्त्याचा शेड नंबर मिळेल का?