हॉलच्या मागच्या दारापाशी चार्जिंगला लावलेल्या सायकली

कडून: शलाका (हॅरो, लंडन)
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

सर्वांना नमस्कार,

काल आपल्या मंडळाच्या हॉलवर ढोल-ताशाची तालीम संपल्यावर खुर्च्या ठेवायला मागच्या पॅसेजमध्ये गेले, तर बाहेर पडायच्या दाराला अगदी लागून दोन ई-सायकली उभ्या होत्या. दोन्हींच्या बॅटऱ्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर चार्जिंगला लावलेल्या, आणि चहाची किटलीही त्याच बोर्डवर. आतल्या खोलीत पंधरा-सोळा मुलं लेझीम खेळत होती. मी बटण बंद केलं आणि चार्जर काढून ठेवले. ज्यांच्या सायकली होत्या त्यांना ते आवडलं नाही. माझा आवाज चढला, त्याची माफी मागते. बटण बंद केलं त्याची मात्र मागणार नाही.

मी वसईची. सप्टेंबर २०२२ मध्ये आमच्या वसईत एका घरी ई-स्कूटरची बॅटरी काढून घरातच बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावली होती. पहाटे तिचा स्फोट झाला. त्याच खोलीत आजीजवळ झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांत गेला. आईनं फोनवर ते सांगितलं, तेव्हापासून आमच्या घरी साधा मोबाईलसुद्धा कुणी उशाशी चार्ज करत नाही.

गणपती २७ तारखेला बसतील. त्याआधी हॉलमध्ये सायकल, स्कूटर चार्ज करायची नाही, असं ठरवून टाकू या. ज्या वाटेनं पळायचं तिथे तर नाहीच नाही.

शलाका


कडून: ओंकार (वेम्बली)
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

शलाकाताई,

त्यातली एक सायकल माझी. काल मी चिडून निघून गेलो, सॉरी. पण माझी बाजूही लिहितो.

शिक्षण संपून आठ महिने झाले. दिवसा नोकरीसाठी अर्ज करतो आणि संध्याकाळी जेवणाची पार्सलं पोचवतो. साध्या सायकलला मोटरचं किट बसवून घेतलंय. बॅटरी ऑनलाइन घेतली. चांगल्या कंपनीची नवी ई-सायकल माझ्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढी पडते. घरी आम्ही सहाजण. बाहेर ठेवली तर सायकल चोरीला जाते, आत ठेवायची तर जिन्याखालचा बोळ तेवढा आहे. ३१ मार्चपासून ट्यूबमध्ये (लंडनच्या भुयारी रेल्वेत) घडी न होणारी ई-सायकल नेता येत नाही, म्हणून तालमीला यायचं तर वेम्बलीहून चालवतच यावं लागतं आणि परत जायला चार्जिंग लागतं. 'करू नका' म्हणणं सोपं आहे, पण मग कुठे करायचं तेही कुणीतरी सांगा.

आणि हॉलच्या पार्किंगमध्ये सात-आठ इलेक्ट्रिक गाड्या उभ्या असतात. त्यांच्या बॅटऱ्या माझ्या बॅटरीच्या शंभरपट मोठ्या. त्यांचं काय?

ओंकार


कडून: अविनाश (पिनर)
सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

ओंकारचा मुद्दा बरोबर आहे. ल्यूटन विमानतळाचं अख्खं पार्किंग इलेक्ट्रिक गाडीनं जाळलं, आपण सगळ्यांनी व्हिडिओ पाहिलाय. नियम करायचाच असेल तर इलेक्ट्रिक गाड्याही आवाराबाहेर लावायला सांगा.

अविनाश


कडून: वसुधा (वॉटफर्ड)
सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

अविनाश, ल्यूटनची आग १० ऑक्टोबर २०२३ ला लागली ती डिझेलच्या गाडीतून. अग्निशमन दलानं ते लगेच सांगितलं होतं. तेराशेच्या वर गाड्या गेल्या, इमारत पाडावी लागली, पण सुरुवात बॅटरीतून झाली नाही. तो फॉरवर्ड आपल्याच ग्रुपवर किती वेळा फिरला! स्वीडनमध्ये गाड्यांच्या आगींची व्यवस्थित मोजदाद होते. तिथे दर लाख गाड्यांमागे विजेच्या गाड्या पेटण्याचं प्रमाण बाकीच्या गाड्यांपेक्षा कितीतरी पटींनी कमी आहे. इलेक्ट्रिक गाडी पेटलीच तर विझवायला फार जड जाते, हे खरं. पण तिची बॅटरी जाड पेटीत बंद असते, ती थंड ठेवायची सोय असते, आणि कारखान्यात ठोकून, चेपून, भाजून तपासलेली असते.

ओंकार, तुझ्या बॅटरीचं यातलं काहीच झालेलं नाही. मी नोकरीची बरीच वर्षं बॅटऱ्यांच्या चाचण्यांत काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. रागावू नकोस.

तुझा पॅक, म्हणजे अख्खी बॅटरी, ३६ व्होल्टचा असेल, तर आत अंगठ्याहून जरा मोठे चाळीस-पन्नास सेल जोडलेले असतात. सगळे मिळून साधारण तीस-पस्तीस मोबाईलची शक्ती. प्रत्येक सेलमध्ये दोन पट्ट्या गुंडाळलेल्या, मध्ये केसाहून पातळ प्लास्टिकचा पडदा, आणि भिजवायला पेट घेणारं द्रावण. सायकल आपटली, पावसाचं पाणी शिरलं, कारखान्यात धातूचा कण आत राहिला किंवा चार्जिंग जास्त झालं, की तो पडदा फाटतो. आतल्या आत शॉर्ट होतो. सेल तापतो, तापल्यामुळे आतल्या रासायनिक क्रिया सुरू होतात, त्यांची उष्णता आणखी तापवते. एक सेल गेला की शेजारचा पेटतो, फटाक्यांच्या माळेसारखा. पांढरा धूर सुटतो, वाफेसारखा दिसतो, पण तो विषारी आणि ज्वालाग्राही असतो. तिथून मोठी ज्वाळा उठायला कधी कधी मिनिटसुद्धा लागत नाही.

शेगडीवर झाकण घातलं की निखारे विझतात, कारण हवा तुटते. इथे तसं होत नाही. तापलेला सेल स्वतःच ऑक्सिजन सोडतो. म्हणून ओली चादर, वाळूची बादली, हॉलमधलं लाल सिलिंडर, कशावरही विसंबू नका. अग्निशमन दल भरपूर पाणी मारतं ते पॅक थंड करायला, आणि तरी काही तासांनी तो पुन्हा पेटू शकतो. आपण दार ओढून घ्यायचं, बाहेर पडायचं आणि ९९९ ला फोन करायचा. आता त्या दारातच बॅटरी पेटली असेल तर कुठून पडणार? शलाकाचा जीव म्हणूनच वर-खाली झाला.

चार्जरकडेही बघ. ३६ व्होल्टचा पॅक ४२ व्होल्टला पूर्ण भरतो. ४८ व्होल्टच्या पॅकचा चार्जर ५४.६ पर्यंत देतो. पिन मात्र पुष्कळदा तीच बसते. घरात सहाजण, तीन सायकली, चार्जर सगळे काळे आणि सारखे दिसणारे. चुकून दुसरा लागला, तर पॅकमधल्या सर्किटनं वीज तोडायला हवी. स्वस्त पॅकमध्ये ते तोडेलच याचा भरवसा मी देणार नाही.

ट्यूबची बंदीही उगाच आलेली नाही. २७ फेब्रुवारीला आपल्या इथल्याच रेनर्स लेन स्टेशनच्या फलाटावर ई-सायकल पेटली होती. २०२३ या एका वर्षात लंडनमध्ये ई-सायकलींच्या १४३ आणि ई-स्कूटरच्या ३६ आगी लागल्या. मोटर बसवून घेतलेल्या सायकली आणि कुठून कुठून जमवलेल्या बॅटऱ्या, हेच अग्निशमन दलाचं मोठं दुखणं आहे.

आज रात्रीपासून एवढं कर. जिन्याखाली चार्जिंग बंद. घरात सगळे जागे असताना, बोळ सोडून एखाद्या खोलीत, फरशीवर लाव आणि भरली की काढ. थंडीत बाहेरून आणल्या आणल्या लावू नको, गार सेल भरताना आत धातूचा थर धरतो. पॅक फुगलेला, पडलेला, उग्र वास येणारा असेल तर आता लावूच नको, घराबाहेर ठेव. टाकायचा झाला तर कौन्सिलच्या रिसायकलिंग केंद्राला आधी फोन करून ने. कचऱ्याच्या डब्यात अजिबात नाही, गाडीत दाबला गेला की तिथेच पेट घेतो.

शनिवारी पॅक आणि चार्जर घेऊन ये, आपण बघू.

वसुधामावशी


कडून: अविनाश (पिनर)
मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५

ल्यूटनबद्दल माझी चूक झाली. ज्या ग्रुपवर पाठवलं होतं तिथे दुरुस्ती टाकली. ओंकार, शनिवारी मी वेम्बलीवरूनच येतो, साडेनऊला स्टेशनसमोर थांब.


कडून: ओंकार (वेम्बली)
मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५

मावशी, तुमची मेल रात्री घरात सगळ्यांना वाचून दाखवली. चार्जर उलटे करून पाहिले. माझ्या पॅकवर ३६ लिहिलंय, आणि मी दोन आठवडे वापरत होतो तो चार्जर ५४.६ चा निघाला, खालच्या खोलीतल्या मुलाचा. माझा त्याच्याकडे होता, तरीच त्याची बॅटरी भरत नव्हती. माझा पॅक एका बाजूनं किंचित फुगलाय. मी तो नेहमीचाच आकार समजत होतो.

पॅक काल रात्रीच मागच्या अंगणात, भिंतीपासून लांब, फरशीवर ठेवलाय. तो हॉलवर आणत नाही, कौन्सिलच्या केंद्राला फोन केलाय, गुरुवारी न्यायचा आहे. बसमध्ये नेणं बरोबर वाटत नाही. गुरुवारी दुपारी कुणाची गाडी मोकळी आहे का?


कडून: शलाका (हॅरो)
मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५

ओंकार, फुगलेला पॅक कुणाच्याच गाडीतून नको. केंद्राला पुन्हा फोन करून 'फुगलाय' हे स्पष्ट सांग आणि न्यायचा कसा ते त्यांनाच विचार. तोवर त्याला हात लावू नका, आणि रात्री अंगणाकडची खिडकी बंद ठेवा. चांगली सायकल हप्त्यानं घ्यायला मंडळाच्या मदतनिधीतून काही करता येईल का, ते शनिवारी कमिटीपुढे मी मांडते.